वृत्तपत्रविद्या व संज्ञापन : विद्यापीठीय अध्ययन

बातमीदारी, संपादन आणि प्रसारण यांचे, तसेच संस्थांच्या वतीने चालणाऱ्या जनसंपर्काचे व जाहिरातीचे पदवी आणि पदव्युत्तर पातळीवरील शिक्षण. क्रीडा पत्रकारिता ही त्यातील अलीकडे वेगळी निघालेली शाखा.

संज्ञा : विद्यापीठीय मराठीत ‘वृत्तपत्रविद्या’ हा शब्द जुना. नभोवाणी व दूरचित्रवाणी अभ्यासक्रमात आल्यावर तो अपुरा पडू लागला आणि ‘संज्ञापन’ (कम्युनिकेशन) त्याच्या जोडीला आले. पुणे विद्यापीठाच्या विभागाच्या नावात हे दोन्ही शब्द शेजारी नांदतात. ‘स्ट्रॅटेजिक कम्युनिकेशन’साठी ‘धोरणात्मक संवाद’ हा प्रतिशब्द पुष्कळदा योजला जातो. मात्र धोरण म्हणजे पॉलिसी, आणि संवाद म्हटले की दोघे बोलतात असे गृहीत धरले जाते. येथे एक संस्था विशिष्ट हेतूने, आखणी करून बोलत असते, म्हणून ‘व्यूहात्मक संज्ञापन’ अधिक नेमके वाटते. बोलण्यात सगळेच ‘पीआर’ (पब्लिक रिलेशन्स, म्हणजे जनसंपर्क) म्हणतात, हा भाग वेगळा.

उगम : या शिक्षणाचा आरंभ कोठे झाला याबद्दल एकमत नाही. अमेरिकेत यादवी युद्धातील सेनापती रॉबर्ट ली यांनी व्हर्जिनियातील वॉशिंग्टन कॉलेजात १८६९ मध्ये मुद्रण व वृत्तपत्र व्यवसायात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांसाठी शिष्यवृत्त्यांची योजना मांडली. तिला आद्यत्वाचा मान देण्याची प्रथा आहे. पण तिचा भर छपाईचे खिळे जुळवण्यावर होता आणि ली यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच ती बंद पडली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हॉर्टन विद्यालयात जोसेफ फ्रेंच जॉन्सन यांनी १८९३ पासून चालवलेला अभ्यासक्रम आजच्या कल्पनेला अधिक जवळचा. पॅरिसची पत्रकारिता संस्था १८९९ ची, म्हणून ‘जगातील पहिली’ हे बिरुद ती स्वतःकडे घेते. मिसुरी विद्यापीठाचे विद्यालय १४ सप्टेंबर १९०८ रोजी उघडले आणि त्याचाही तोच दावा आहे. विद्यापीठाअंतर्गत स्वतंत्र विद्यालय ही कसोटी लावली, तर मिसुरीची बाजू भक्कम ठरते. त्या पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांनी ‘युनिव्हर्सिटी मिसुरियन’ हे वृत्तपत्र काढले. पुस्तकाऐवजी चालू वृत्तपत्राच्या कचेरीतच शिकायचे ही पद्धत पुढे ‘मिसुरी पद्धत’ म्हणून ओळखली गेली. तिचे प्रवर्तक वॉल्टर विल्यम्स स्वतः विद्यापीठात शिकलेले नव्हते.

आद्यत्वापेक्षा महत्त्वाचा वाद अभ्यासक्रमाचा. वृत्तपत्रमालक जोसेफ पुलित्झर यांनी कोलंबिया विद्यापीठाला वीस लाख डॉलर देऊ केले, तेव्हा हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी एक आराखडा सुचवला. त्यात संपादनासोबत वृत्तपत्राचे व्यवस्थापन, जाहिरात, वितरण आणि छपाई यांनाही स्थान होते. पुलित्झर यांना हे मान्य नव्हते. १९०४ मधील आपल्या दीर्घ लेखात त्यांनी धंद्याची बाजू विद्यालयाबाहेर ठेवावी असे आग्रहाने मांडले. कोलंबियाचे विद्यालय त्यांच्या मृत्यूनंतर, १९१२ मध्ये, त्यांच्याच मताप्रमाणे सुरू झाले. मिसुरी व मध्यपश्चिमेकडील इतर विद्यापीठे मात्र एलियट यांच्या वाटेने गेली आणि जाहिरातीचा अभ्यास त्यांनी पत्रकारितेच्या छपराखाली आणला. वार्ताहर आणि जनसंपर्क अधिकारी एकाच वर्गात का बसतात, याचे मूळ या निवडीत आहे. कोलंबियात आजही व्यूहात्मक संज्ञापनाची पदव्युत्तर पदवी पत्रकारिता विद्यालयाऐवजी व्यावसायिक अध्ययनाच्या वेगळ्या विद्यालयात मिळते.

भारत : ॲनी बेझंट यांनी १९२० च्या सुमारास अड्यार येथील राष्ट्रीय विद्यापीठात केलेला प्रयोग व १९३८ च्या सुमारास अलीगढला सुरू झालेला अभ्यासक्रम हे दोन्ही अल्पायुषी ठरले. सलग परंपरा १९४१ मध्ये लाहोरला पंजाब विद्यापीठात पृथ्वीपाल सिंग यांनी काढलेल्या विभागापासून धरणे योग्य. फाळणीनंतर तो दिल्लीत व पुढे चंदीगढला गेला. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्ये विभाग निघाला, तेव्हा अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठाचे रोलंड वुल्सली तेथे शिकवण्यास आले. एलियट-वळणाचा अभ्यासक्रम मध्य भारतात येण्याची ही एक वाट असावी. पुण्याचा विभाग १९६४ पासून रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ ची. तेथे पत्रकारांसोबत केंद्राच्या माहिती सेवेतील अधिकारीही प्रशिक्षण घेत, म्हणजे प्रश्न विचारणारे आणि उत्तर देणारे एकाच आवारात. तिच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारिता शिकवली जाते. मुंबई विद्यापीठाने २००० च्या सुमारास आणलेल्या तीन वर्षांच्या ‘बीएमएम’ (बॅचलर ऑफ मास मीडिया) पदवीत पहिली दोन वर्षे सामाईक असत आणि तिसऱ्या वर्षी पत्रकारिता किंवा जाहिरात यांपैकी एक वाट धरावी लागे. महाराष्ट्रात क्रीडा पत्रकारिता बहुधा एखाद्या वैकल्पिक विषयापुरती शिकवली जाते.

व्यूहात्मक संज्ञापन : अमेरिकी जनसंपर्क सल्लागार एडवर्ड बर्नेस यांनी १९२३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात जनसंपर्काचा वर्ग घेतला, तो या शाखेचा रूढ प्रारंभबिंदू. ‘संस्थेने आपले उद्दिष्ट साधण्यासाठी केलेला संज्ञापनाचा हेतुपूर्ण वापर’ ही २००७ मधील हॅलाहन व सहलेखकांची व्याख्या आता सर्रास दिली जाते. अध्यापनात जॉन मार्स्टन यांची चार पायऱ्यांची मांडणी (संशोधन, कृती, संज्ञापन, मूल्यमापन) टिकून आहे. विद्यार्थी चुकतात ते पहिल्या आणि चौथ्या पायरीवर. ‘जागृती वाढवणे’ हे उद्दिष्ट तपासता येत नाही. कोणत्या गटात, कोणता बदल, किती आणि कधीपर्यंत, हे चारही लिहावे लागते. मूल्यमापनात छापून आलेल्या मजकुराची जाहिरातदराने किंमत काढण्याची जुनी सवय आहे. तीन स्तंभ रुंद व १२ सेंमी उंच बातमी म्हणजे ३६ स्तंभ-सेंटिमीटर. दर ५०० रुपये धरला तर ‘मूल्य’ १८,००० रुपये. बातमी संस्थेच्या विरोधात असली तरी हा आकडा तोच येतो. जनसंपर्काच्या मोजमापासाठी २०१० मध्ये ठरलेल्या बार्सिलोना तत्त्वांनी हा हिशेब अग्राह्य ठरवला. तरी कात्रणांच्या फायलीत तो अजून दिसतो.

क्रीडा पत्रकारिता : वर्गातला मुख्य सराव वेळेचा असतो. फुटबॉलचा सामना संपताक्षणी बातमी जायची असेल तर ती तुकड्यांत लिहितात : मध्यंतराला सुमारे ३०० शब्द, ७५ व्या मिनिटाच्या आसपास आणखी १५०, आणि शेवटची शिट्टी होताच ६०-७० शब्दांचा इंट्रो, जो सर्वांत वर बसतो. डाक आवृत्तीचे (लांबच्या गावांना जाणाऱ्या अंकाचे) पान आधी सुटते, त्यामुळे इंट्रोला पाचेक मिनिटेच मिळतात. शेवटच्या क्षणी झालेला गोल आधीचा मजकूर खोटा पाडतो, म्हणून पहिल्या दोन तुकड्यांत ‘एकतर्फी’, ‘निर्विवाद’ असे शब्द टाळून फक्त घडले ते क्रमाने लिहिणे हा नियम.

दुसरा भाग आकड्यांचा. क्रिकेटमधील ३.४ षटके म्हणजे २२ चेंडू; दशांश समजून भागाकार केला की ३१ धावांची इकॉनॉमी (षटकामागे दिलेल्या धावा) ९.१२ येते, खरी ८.४५ असते. फलंदाजीची सरासरी काढताना धावांना डावांनी नव्हे, बाद झालेल्या वेळांनी भागायचे असते. निव्वळ धावगतीत सर्वबाद संघाची पूर्ण षटके धरतात : टी-ट्वेंटीत १७.२ षटकांत १४० धावांत आटोपलेल्या संघाची गती ७.०० होते. गुणतक्त्याच्या बातमीत सर्वाधिक दुरुस्त्या याच ठिकाणी निघतात. कबड्डीच्या वृत्तांतात सुपर टॅकलचा जादा गुण विसरला जातो : पकड तीन किंवा कमी बचावपटू मैदानात असताना झाली की एकाऐवजी दोन गुण.

उत्तेजक चाचणीच्या बातमीत शब्द जपून वापरावे लागतात. खेळाडूचा नमुना ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन भागांत ठेवतात; त्यातील ‘अ’ नमुन्याचा निष्कर्ष प्रतिकूल आला म्हणजे खेळाडू ‘दोषी’ ठरला असे होत नाही. ‘ब’ नमुना तपासून घेण्याचा त्याला हक्क असतो आणि सुनावणी व्हायची असते. त्या टप्प्यावर ‘अंतरिम निलंबन’ एवढेच लिहावे, तेही ते झाले असेल तरच.

संघ आता स्वतःच चित्रफिती, मुलाखती आणि सामन्याचा वृत्तांत प्रसिद्ध करतात. त्यामुळे क्रीडा पत्रकारिता शिकलेले बरेच जण संघांच्या माध्यम विभागात जातात आणि एलियट-पुलित्झर वाद येथे पुन्हा उभा राहतो. यासाठीचा उपयुक्त स्वाध्याय म्हणजे एकच सामना दोनदा लिहिणे : एकदा वृत्तपत्रासाठी, एकदा पराभूत संघाच्या प्रसिद्धिपत्रकासाठी. दुसऱ्या मजकुरात क्रम बदलता येतो, पुढच्या सामन्याची तारीख वर घेता येते, प्रशिक्षकाचे विधान निवडून देता येते. कर्णधार दुखापतीमुळे बाहेर होता की शिस्तभंगामुळे, हे मात्र गाळता येते, बदलता येत नाही. तपासणारा दोन्ही कागद शेजारी ठेवून नेमकी तीच ओळ शोधतो.