वारीतील प्रथमोपचार व्यवस्था

आषाढी वारीत वारकऱ्यांना चालता चालता, विसाव्यावर आणि मुक्कामाच्या तळावर तातडीची वैद्यकीय मदत मिळावी म्हणून केली जाणारी व्यवस्था. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि सुमारे २५० किलोमीटर चालून आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. शासनाचा आरोग्य विभाग आणि २०१४ पासून महाराष्ट्रात धावणाऱ्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका वाटेवर असतातच. पण पाय चेपणारे, मलमपट्टी करणारे, गोळ्या देणारे बहुसंख्य हात स्वयंसेवकांचे असतात. त्यांत गावोगावचे डॉक्टर, औषधविक्रेते, राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आणि तरुण मंडळे येतात.

जत्रेत रुग्ण तंबूपाशी येतो. वारीत तो पुढे निघून जातो. एका जागी मोठा तंबू टाकून बसलेल्या पथकाला सकाळी दोन तास उसंत मिळत नाही आणि मग दिवसभर काम उरत नाही. म्हणून पथकाचे तुकडे करावे लागतात. एक तुकडी रथापुढच्या दिंड्यांबरोबर राहते, एक रथामागे, एक पुढच्या मुक्कामी आधीच पोचलेली असते. आणि एक अगदी शेवटी चालते. ही शेवटची तुकडी सर्वांत महत्त्वाची, कारण ज्याला चालवत नाही तो आपोआप मागे पडतो. गर्दीत चारचाकी अडकते, त्यामुळे या तुकडीकडे दुचाकी आणि पाठीवरची पिशवी हवी.

काम मुख्यतः पायांचे असते. टाचेचे फोड, बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या, घासून सोलवटलेल्या मांड्या, पोटरीत येणारे गोळे. फोडाची कातडी ओढून काढू नये. ती जखमेचे झाकण असते. चिखल्यांवर मलमाइतकेच पाय कोरडे राहणे महत्त्वाचे, आणि पावसात तेच अवघड. खाली बसून वारकऱ्याचे पाय मांडीवर घेणारा विद्यार्थी ‘माउली, कधीपासून दुखतंय?’ असे विचारतो, तेव्हा पायाच्या दुखण्यामागचा मधुमेहही बोलण्यात बाहेर येतो. वारकऱ्यांत वयस्कर माणसे पुष्कळ. रक्तदाबाच्या गोळ्या दिंडीच्या ट्रकमधल्या बोचक्यात आणि माणूस रस्त्यावर, असे सर्रास घडते.

सर्वांत कठीण टप्पा पुणे ते सासवड. अंतर तीस किलोमीटरच्या वर, मध्ये दिवे घाटाची चढण, आणि हा दिवस बहुधा एकादशीचा. उपवास मोडायला वारकरी तयार नसतो आणि त्याच्याशी वाद घालणे व्यर्थ आहे. सकाळीच भेटून साखर कमी झाल्याची लक्षणे सांगणे, खिशात साखर ठेवायला लावणे, घाटाच्या पायथ्याशी बसवून पाणी देणे एवढे हातात असते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसले आणि माणूस शुद्धीवर असला तर आधी साखर द्यावी.

जुलाब सुरू झाले तर वेगळाच प्रश्न उभा राहतो. क्षारसंजीवनीची (ओआरएस) एक पुडी एक लिटर शुद्ध पाण्यात कालवतात व २४ तासांत संपवतात. पुडी नसेल तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. पण रुग्ण बरा करून भागत नाही, पाणी शोधावे लागते. इथे नोंदवही कामाला येते. नाव, वेळ, तक्रार, उपचार यांबरोबर दिंडीचा क्रमांक लिहिलेला असला की एकाच क्रमांकाचे चार रुग्ण लगेच डोळ्यांत भरतात. मग त्या दिंडीने कोणता टँकर घेतला, कोणत्या विहिरीवर भांडी भरली, हे विचारता येते. औषधांच्या खोक्यापेक्षा ही वही मोलाची आहे. नीरा ओलांडून पालखी सातारा जिल्ह्यात येते, पुढे धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्हा लागतो. दर हद्दीवर सरकारी पथक बदलते, स्वयंसेवकही बदलतात. वहीची प्रत पुढच्या पथकाच्या हाती गेली नाही, तर कालचा रुग्ण आज नवा ठरतो.

सूचना पोचवायला वारीची स्वतःची शिस्त आहे. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप (दंड) उंचावतो आणि सारे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते, आणि तिचे ऐकून घेतले जाते. हरवल्या-सापडल्याची माहितीही इथेच सांगतात. ‘अमुक ठिकाणचे पाणी पिऊ नका’ हे तिथे सांगितले तर दिंडीप्रमुखांकरवी ते तंबूतंबूत जाते. ध्वनिक्षेपकावरून ओरडून तसे होत नाही. अडचण मोकळ्या वारकऱ्यांची. ते कोणत्याच दिंडीत नसतात, त्यांच्या नावापुढे क्रमांक नसतो. त्यांच्या खिशात गावाचे नाव, नातेवाइकाचा दूरध्वनी आणि चालू औषधे लिहिलेली चिठ्ठी असावी, हा आग्रह पहिल्या दिवसापासून धरावा लागतो.

रात्री माळावर तंबू पडतात, त्यामुळे साप-विंचवाची तयारी ठेवावी लागते. सर्पदंशाच्या जागी कापू नये, दोरी आवळू नये. तो भाग हलू न देता रुग्णालय गाठावे. विंचूदंशावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिल्यापासून कोकण-देशावर अनेक जीव वाचले आहेत.

आषाढी एकादशीनंतर बहुतेक वारकरी एसटीने किंवा रेल्वेने घरी जातात आणि पथकेही उठतात. पालखी मात्र पौर्णिमेच्या काल्यानंतर पायीच आळंदीला परतते. सोबत माणसे थोडी, मजल मोठी, पाऊस भरात आलेला. या परतीच्या वाटेवर निदान एक गाडी, एक परिचारिका आणि तीच नोंदवही असायलाच हवी.