गुलाल उधळला की व्हिडिओ का फुटतो?

पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर उभं राहून काढलेला एखादा व्हिडिओ नीट पाहा. ढोल-ताशा पथक लांबून येत असतं तोवर ध्वजाची जरसुद्धा दिसते. मग गुलाल उडतो आणि चित्राचे चौकोन चौकोन होतात, चेहरे विरघळतात. गुलाल खाली बसला की सगळं पुन्हा जागच्या जागी. लोक फोनच्या लेन्सला बोल लावतात. बिचाऱ्या लेन्सचा यात काही दोष नसतो.

हिशेब असा. फुल एचडी चित्रात १९२० × १०८० म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट धरले, तर एक चित्र ६२ लाख बाइटचं. सेकंदाला अशी ३० चित्रं, म्हणजे मिनिटाला ११ जीबी. आणि फोन तेच मिनिट शंभर-सव्वाशे एमबीत बसवतो.

ही किमया करतो कोडेक, म्हणजे व्हिडिओ आवळून साठवण्याची आणि पुन्हा उलगडण्याची पद्धत. २००३ सालचा एच.२६४ आणि २०१३ सालचा एच.२६५, ज्याला एचईव्हीसी म्हणतात, हे आपल्या फोनमधले नेहमीचे कोडेक. दोघंही प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत. अधूनमधून एक चित्र पूर्ण, त्याला म्हणतात की-फ्रेम. मधल्या चित्रांसाठी फक्त काय बदललं आणि कुठला तुकडा कुठे सरकला याची नोंद. मागचा वाडा स्थिर असतो, ढोलवाले ठरावीक दिशेने चालतात, त्यामुळे नोंद थोडक्यात उरकते. गुलालाचा कण मात्र आत्ता इथे, पुढच्या चित्रात भलतीकडे. ‘हा तुकडा तिकडे सरकला’ असं सांगायची सोयच उरत नाही. जवळजवळ सगळंच नव्याने लिहावं लागतं आणि जागा तर ठरलेली. मग कोडेक तपशील गाळतो आणि ज्या चौकोनांत तो काम करतो तेच उघडे पडतात. एक्स्पोर्ट करताना बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला मिळणारी जागा, वाढवा, एकाच क्लिपचा पुन्हा पुन्हा एक्स्पोर्ट टाळा, आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नाहीतर ते तिला आणखी पिळून काढतं. मूळ रेकॉर्डिंगमध्येच गेलेले बारकावे मात्र परत येत नाहीत.

एडिटिंगला बसल्यावर टाइमलाइन अडखळते त्याचं मूळही हेच. मधलं एखादं चित्र दाखवायचं तर कॉम्प्युटरला मागच्या की-फ्रेमपर्यंत जाऊन तिथून हिशेब करत यावं लागतं. लॉ कॉलेज रोडवर, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, तेव्हा फिल्म कापणाऱ्यांना ही अडचण नव्हती. फिल्मवरचं प्रत्येक चित्र स्वतंत्र असतं, कुठेही कात्री लावा. प्रॉक्सी बनवणं म्हणजे तीच सोय परत मिळवणं: प्रोरेझ किंवा डीएनएक्सएचआरसारख्या, प्रत्येक चित्र सुटं ठेवणाऱ्या कोडेकमध्ये कामापुरती प्रत काढायची. बदलाच्या नोंदींवर चालणाऱ्या छोट्या फाइलपेक्षा अशी मोठी फाइल अनेकदा जास्त सुरळीत चालते, हे पहिल्यांदा कुणालाच पटत नाही.

आता सगळ्यांत छळणारा रोग. बालगंधर्व रंगमंदिरात मुलीचं भरतनाट्यम आहे, बाबांनी फोनवर अख्खा कार्यक्रम घेतला. एडिटिंगमध्ये सुरुवातीला ताल आणि पाऊल बरोबर, शेवटाकडे पाऊल आधी आणि मृदंग नंतर. असं होतं, कारण अंधार वाढला की बरेच फोन प्रत्येक चित्राला जास्त प्रकाश मिळावा म्हणून चित्रांचा वेग गुपचूप कमी करतात: ३०ची २४, पुन्हा ३०. आवाज मात्र एकाच चालीने नोंदला जातो. वेग कायम ३० आहे असं काही एडिटिंग सॉफ्टवेअर धरून चालतात आणि चूक साठत जाते. हँडब्रेक हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’, म्हणजे चित्रांचा एकच कायम वेग, निवडून फाइल आधी बदलून घ्या, मगच एडिटिंगला बसा. क्लिप हाताने सरकवत बसण्यात रात्र जाते आणि दुरुस्ती एकाच जागेपुरती होते.

आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल तर गोष्ट निराळी. दोन यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत एक नसतात. दहा लाखांत ५० इतका फरक असला तरी तासाभरात ०.१८ सेकंद होतो, आणि तबल्याच्या थापेला तेवढा पुरतो. इथे आवाजाची लांबी किंचित ताणायची किंवा आक्रसायची, एवढंच.

फाइल उघडतच नसेल, तर ती ‘करप्ट’ झाली म्हणून लगेच पुसू नका. एमपी४मध्ये कुठलं चित्र फाइलमध्ये कुठे आहे याची यादी असते आणि ती बहुधा रेकॉर्डिंग थांबवल्यावर, सगळ्यांत शेवटी लिहिली जाते. बॅटरी मधेच संपली की चित्रं असतात, यादी नसते. ‘अनट्रंक’सारखं साधन त्याच फोनवरची, त्याच सेटिंगची एखादी धड क्लिप नमुना म्हणून घेऊन ही यादी अनेकदा नव्याने बांधतं. तोवर त्या कार्डावर नवं काही रेकॉर्ड करू नका.

टीव्हीवर चित्र दिसतं पण आवाज नाही, किंवा याच्या उलट? एमपी४, एमकेव्ही हे नुसते डबे. आतली भाजी म्हणजे कोडेक, आणि ती तुमच्या टीव्हीला पचायला हवी. एक्स्टेन्शनचं नाव बदलून काहीही होत नाही. चित्र एच.२६४मध्ये आणि आवाज एएसी या कोडेकमध्ये केला की बहुतेक टीव्ही मुकाट्याने चालवतात. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर जातच नाही. तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून घ्या, पण टीव्हीला एक्सफॅट चालतं का ते आधी पाहा.

आणि लग्नाची जुनी कॅसेट डिजिटल करून आणल्यावर हलत्या हातांना कंगव्यासारखे दात दिसत असतील, तर कॅसेट खराब नाही. आपल्याकडच्या पाल या टीव्ही-व्हिडिओच्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं, प्रत्येकी दोन अर्ध्या भागांत घेतलेली: आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. त्या दोन भागांत १/५० सेकंदाचं अंतर असतं आणि तेवढ्यात हात पुढे गेलेला असतो. व्हीएलसी या प्लेअरमध्ये ‘डीइंटरलेस’ चालू केलं की दात जातात. एक्स्पोर्टच्या वेळी ते कायमचं करायचं ठरवलं, तर सेकंदाला २५ऐवजी ५० चित्रं ठेवा. नाहीतर अर्धी हालचाल फुकट जाते.