सांबराची शिंगे: गोव्यातल्या मोलेच्या रानात येणाऱ्या आमच्या पाहुण्यांसाठी

दिवाळीनंतर आमच्याकडे मुक्कामाला याल आणि नशिबाने सांबराचा नर दिसेल, तर त्याच्या डोक्यावर टणक, खडबडीत, तपकिरी शिंगे असतील. मे महिन्यात आलात तर तोच नर बोडका असू शकतो. पाहुणे त्याला मादी समजतात. मादीला शिंगे नसतात हे खरेच, पण बिनशिंगाचे प्रत्येक सांबर मादी नसते.

गव्याचे शिंग जन्मभर टिकते. आत हाड आणि वर नखासारखे कवच, ते गळत नाही. सांबर, चितळ आणि भेकर यांचे शिंग मात्र निखळ हाडाचे. ते साधारण दरवर्षी गळते आणि पुन्हा उगवते. पिसोरी या हरणासारख्या इवल्याशा प्राण्याला शिंगेच नाहीत, तिच्या नराला बारीक सुळे असतात.

कपाळाच्या हाडावर दोन खुंट असतात, त्यांतून नवे शिंग फुटते. सांबराच्या बाबतीत हा काळ साधारण पावसाळ्याचा. चतुर्थीच्या सुमारास पाहाल तर शिंगांवर मऊ लव असलेली कातडी दिसेल. तिच्यात रक्तवाहिन्या आणि नसा भरलेल्या असतात. शिंग हाताला ऊबदार लागावे इतके जिवंत असते आणि खरचटले तर रक्त येते. सस्तन प्राण्यांत इतक्या वेगाने वाढणारे हाड क्वचितच सापडते. त्यासाठी लागणारा चुना (कॅल्शियम) केवळ चाऱ्यातून पुरत नाही, म्हणून नराचे शरीर तो स्वतःच्या फासळ्यांतूनही काढून घेते. हे आम्हाला आजही थक्क करते.

मग नरातील संप्रेरक (हार्मोन) वाढते, शिंग टणक होते, रक्तपुरवठा थांबतो. कातडी सुकते आणि नर झाडांवर शिंगे घासून ती उतरवतो. तासलेली साल दिसली की आमचा वाटाड्या तुम्हाला थांबवून दाखवेल.

आता माजाचा काळ. नर चिखलात लोळतात, एकमेकांना शिंगांचा रुबाब दाखवतात. बहुतेक वेळा तेवढ्यावरच एक जण माघार घेतो, नाहीतर शिंगांत शिंगे अडकवून रेटारेटी होते. फाटे मोजून वय सांगायची सवय मात्र सोडा. पूर्ण वाढलेल्या सांबराला आणि चितळाला बहुधा तीन-तीनच फाटे असतात.

माज ओसरला की संप्रेरक उतरते. खुंटाच्या जोडाशी हाड पोखरणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि एके दिवशी शिंग सुटून पडते. जखमेवर खपली धरते, पुढे तिथूनच नवे शिंग. चितळांचे वेळापत्रक इतके ठरलेले नसते, त्यांच्या कळपात टणक शिंगांचा आणि मखमली शिंगांचा नर एकाच दिवशी दिसू शकतो.

वाटेत पडलेले शिंग दिसले तर फोटो काढा, उचलू नका. साळिंदर ते कुरतडते, हरणेही चघळतात, त्यातला चुना रानातच राहतो. पूर्वी घरोघरी सांबरशिंग उगाळून छातीला लावत, पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अभयारण्यातून काहीही उचलून नेणे गुन्हा आहे. शिंगाची जागा वाटाड्याला सांगा, तो वनरक्षकाला कळवेल.

रानात दर्शन झाले नाही तर बोंडला अभयारण्यातल्या प्राणिसंग्रहालयात सांबर आणि चितळ जवळून पाहता येतात. गुरुवारी तिथे सुट्टी असते, त्या बेताने मुक्काम ठरवा.