उपग्रह थांबत नाही, मग डिस्कने थांबून कसं चालेल?

हार्ड डिस्क बदलायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती जीबीची टाकू? कॉम्प्युटरपुरता तो ठीक आहे. पण उपग्रह वाहिन्या रेकॉर्ड करणाऱ्या सेट-टॉप बॉक्ससाठी हा प्रश्न बराच नंतरचा आहे. तरीही ‘जुना बॉक्स उघडा, एक टीबीची डिस्क लावा, झालं काम’ असा सल्ला सर्रास दिला जातो. काही जणांचं काम खरंच होतं. बाकीच्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र चित्र गोठतं, आवाज तुटतो, सामन्याची शेवटची षटकं गायब होतात आणि दोष छतावरच्या छत्रीला किंवा पावसाला दिला जातो.

ब्रिटनमध्ये असे रेकॉर्डर घरोघरी पोचले. स्काय कंपनीने २००१ साली ‘स्काय प्लस’ आणला, त्यात ४० जीबीची डिस्क होती. २००६ मध्ये हाय डेफिनिशनचा बॉक्स आला, तो ३०० जीबीचा. डिस्क भरली की जुने कार्यक्रम पुसावे लागत, म्हणून तिथल्या हौशी मंडळींनी लवकरच झाकणं उघडून मोठ्या डिस्क बसवायला सुरुवात केली. आपल्याकडे त्याच घराण्यातला टाटा स्काय प्लस २००८ साली आला. दोन्हीकडे प्रक्षेपणाला कुलूप घालण्याची पद्धत एनडीएस याच कंपनीची होती. त्यामुळे तिकडच्या हौशी लोकांनी शिकलेल्या बऱ्याच गोष्टी इथल्या बॉक्सलाही लागू पडतात.

आधी डिस्कवर नेमकं काय लिहिलं जातं ते पाहू. उपग्रहावरून येणारी वाहिनी आधीच डिजिटल आणि दाबून लहान केलेली असते. ती १८८ बाइटच्या पाकिटांच्या रूपात येते. बॉक्स त्या प्रवाहातून हव्या त्या वाहिनीची पाकिटं वेगळी काढतो आणि आहेत तशी डिस्कवर ठेवतो. मधे पुन्हा चित्र बनवणं, पुन्हा दाबणं असलं काही होत नाही. म्हणूनच मोठ्या डिस्कने किंवा सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या केबलने चित्र सुधारतं, हा दावा निखालस खोटा आहे. जे बाइट आकाशातून आले तेच डिस्कवरून परत येतात. ते आले तर पूर्ण येतात, नाहीतर चित्रात चौकोन दिसतात. ‘थोडं जास्त झळाळी असलेलं’ चित्र देणारी केबल अस्तित्वात नाही.

साध्या दर्जाची वाहिनी सेकंदाला साधारण ४ मेगाबिट घेते, म्हणजे अर्धा मेगाबाइट. तासाला १.८ जीबी. ४० जीबीच्या डिस्कवर वीस-बावीस तास मावत ते यामुळेच. हाय डेफिनिशनला सेकंदाला १० मेगाबिट धरले तर तासाला साडेचार जीबी लागतात.

आता गंमत पाहा. वीस वर्षांपूर्वीची साधी डिस्कही सेकंदाला ५०-६० मेगाबाइट सहज लिहीत असे. बॉक्स दोन वाहिन्या रेकॉर्ड करतोय आणि तुम्ही तिसरा, जुना कार्यक्रम बघताय असं धरलं, तरी साध्या दर्जात गरज आहे सेकंदाला दीड मेगाबाइटची. मग अडचण कुठे येते? ती हेडच्या, म्हणजे डिस्कच्या तबकडीवर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या टोकाच्या, पळापळीत आहे. दोन रेकॉर्डिंग आणि एक वाचन डिस्कवर तीन वेगळ्या जागी चाललेलं असतं. हेडला एका ट्रॅकवरून (तबकडीवरच्या गोल पट्टीवरून) दुसऱ्यावर जायला सरासरी १२ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला ५४०० फेरे मारणारी तबकडी एक फेरा ११ मिलिसेकंदांत पुरा करते, त्यामुळे हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी साडेपाच मिलिसेकंद जातात. हेडच्या अशा एका फेरीचा खर्च झाला सुमारे १८ मिलिसेकंद. बॉक्सने दर वेळी फक्त ४ किलोबाइट लिहायचं ठरवलं तर दीड मेगाबाइटसाठी ३७५ फेऱ्या पडतील. एका सेकंदात पावणेसात सेकंदांचं काम! म्हणून बॉक्स पाकिटं मेमरीत साठवतो आणि एक-एक मेगाबाइटचा घास झाला की एका दमात लिहितो. मग तेच काम सेकंदाच्या विसाव्या भागात उरकतं. उरलेला वेळ डिस्क जवळपास रिकामी असते.

म्हणजे वेग भरपूर आहे. तरी रेकॉर्डिंग बिघडतं, ते एखादा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा छोटासा कप्पा, नीट वाचला न गेल्यामुळे.

शाळेतलं शुद्धलेखन आठवा. गुरुजी वाक्यं सांगत जायचे. एखाद्या शब्दाशी आपण अडलो आणि वेलांटी पहिली की दुसरी याचा विचार करत बसलो, तर पुढची दोन वाक्यं हातची जायची. एक शब्द चुकवून पुढे गेलेला विद्यार्थी फायद्यात राहायचा. उपग्रह हा असाच गुरुजी आहे. इंटरनेटवर पाकीट हरवलं तर तुमचा फोन ‘परत पाठव’ असं सांगू शकतो. ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहाला तुमचा बॉक्स काहीही सांगू शकत नाही. प्रवाह एकतर्फी आहे, लाखो घरांसाठी एकच आहे, आणि तो कुणासाठी थांबत नाही.

परत विचारायची सोय नाही, म्हणून उपग्रह चुका दुरुस्त करण्याची शिदोरी आधीच सोबत पाठवतो. डीव्हीबी-एस या उपग्रह प्रक्षेपणाच्या मूळ मानकात १८८ बाइटच्या प्रत्येक पाकिटाला १६ जादा बाइट जोडून २०४ बाइट पाठवले जातात. हे गणित आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोघांनी १९६० साली मांडलं. माझ्या मते विसाव्या शतकातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी ती एक आहे. समजा, एका पाकिटात काही बाइट बिघडले. प्रत्येक बिघाडाबद्दल दोन गोष्टी अज्ञात असतात: तो कोणत्या जागी आहे, आणि तिथे मुळात काय होतं. दोन अज्ञातं म्हणजे दोन समीकरणं हवीत, हे आपण आठवी-नववीत शिकलो. जादा १६ बाइट आपल्याला १६ समीकरणं देतात. म्हणून कोणत्याही जागचे आठ बाइट बिघडले तरी ते शोधून अचूक दुरुस्त करता येतात. कोणत्या जागा बिघडल्या हे आधीच ठाऊक असेल तर समीकरणं फक्त मूळ किमतींसाठी खर्च होतात आणि १६ बाइट वाचवता येतात! ही आकडेमोड नेहमीच्या संख्यांत केली तर आकडे वाढत जातील, अपूर्णांक येतील. म्हणून ती २५६ घटकांच्या ‘गॅल्वा क्षेत्रा’त करतात. तिथे बेरीज म्हणजे बिटांची एक्सऑर क्रिया (दोन बिट सारखे तर ०, वेगळे तर १) असते, भागाकार नेहमी नेमका जातो आणि उत्तर कधीच एका बाइटच्या बाहेर पडत नाही. एव्हारिस्त गॅल्वा हा फ्रेंच गणिती १८३२ मध्ये विसाव्या वर्षी द्वंद्वात जखमी होऊन गेला. त्याने घातलेल्या पायावर आज घराघरातला टीव्ही चालतो.

आणि हेच रीड-सॉलोमन गणित अनेक वर्षं हार्ड डिस्कच्या पोटातही होतं. प्रत्येक सेक्टरच्या शेवटी तसेच जादा बाइट लिहिलेले असतात. (नव्या डिस्क आणि डीव्हीबी-एस२ हे नवं मानक, दोघेही आता एलडीपीसी नावाच्या दुसऱ्या पद्धतीकडे वळले आहेत. ती रॉबर्ट गॅलगर यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला मांडली होती.) गणित एकच असलं तरी ते हरतं तेव्हा बॉक्समधला रिसीव्हर आणि डिस्क वागतात मात्र अगदी उलट.

पाकिटात आठाहून जास्त बाइट बिघडले तर रिसीव्हर त्या पाकिटाच्या डोक्यावरचा एक बिट चालू करतो. त्याचा अर्थ ‘हे पाकीट खराब आहे’. आणि तो लगेच पुढच्या पाकिटाकडे वळतो. कॉम्प्युटरसाठी बनवलेली डिस्क असं कधीच करणार नाही. तिच्यावर तुमचा पगाराचा हिशोब असतो, तिथे चुकीचा आकडा देणं हा गुन्हा आहे. म्हणून ती पुढचा फेरा येईपर्यंत थांबते आणि पुन्हा वाचते. मग हेड ट्रॅकच्या मध्यापासून किंचित डावीकडे सरकवून वाचते, मग उजवीकडे. वाचणाऱ्या सर्किटची जुळवणी बदलून पाहते. प्रत्येक प्रयत्नाला ११ मिलिसेकंद. असे शेकडो प्रयत्न झाले की कित्येक सेकंद जातात. स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कच्या कडेला टेकवून मूठ कानाला लावली की हे ऐकू येतं: एरवीची एकसुरी घरघर, मधेच टक, टक, टक अशी सारख्या अंतराची ठोक, आणि पुन्हा घरघर. ती ठोक चालू असते तेव्हा पडद्यावरचं चित्र गोठलेलं असतं.

समजा डिस्क सात सेकंद अडली. तीन हाय डेफिनिशन प्रवाहांसाठी तेवढ्या वेळात सुमारे २६ मेगाबाइटची उलाढाल व्हायला हवी होती. त्या काळच्या बॉक्समध्ये मेमरीच मोजकी असते आणि तिचा मोठा भाग चित्र उलगडण्यात गुंतलेला असतो. मेमरी भरून वाहते, नवी पाकिटं टाकून द्यावी लागतात. म्हणजे एका जुन्या कार्यक्रमातला अर्धा किलोबाइट अचूक वाचण्याच्या हट्टापायी चालू असलेली दोन रेकॉर्डिंग कायमची खराब होतात. उलट त्या सेक्टरमधला कचरा तसाच दिला असता तर? ५१२ बाइटचा सेक्टर फार तर चार पाकिटांना स्पर्श करतो. मधली चित्रं फक्त बदल सांगतात, म्हणून नुकसान पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत टिकतं, म्हणजे साधारण अर्धा सेकंद. डोळ्यांना दोन चौकोन दिसले न दिसले, तोवर सगळं जागेवर!

रेकॉर्डरसाठी बनवलेल्या डिस्कचं वेगळेपण हेच. सीगेटची पाइपलाइन, वेस्टर्न डिजिटलची एव्ही-जीपी या मालिका अशाच कामासाठी होत्या. त्यांचं फर्मवेअर, म्हणजे डिस्कच्या आतला प्रोग्राम, लवकर हार मानतं. डिस्कशी बोलण्याच्या एटीए-७ या मानकात तर यासाठी खास आज्ञाच आल्या: बॉक्स डिस्कला सांगू शकतो की इतक्या वेळात काम संपव, आणि चूक असली तरी जे वाचलंस ते दे. डिस्कने उपग्रहाचा स्वभाव घ्यायचा, इतकंच. म्हणून डिस्क घेताना एव्ही (ऑडिओ-व्हिडिओ) किंवा सीसीटीव्हीसाठीची मालिका मागा. ‘शिंगल्ड’ पद्धतीची डिस्क टाळा. तिच्यात ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात, एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात, आणि ती मधूनच अशा आवराआवरीला बसते. खोक्यावर हे लिहिलेलं असेलच असं नाही. कंपन्या ही गोष्ट न सांगता अशा डिस्क विकत होत्या, यावरून २०२० साली मोठा गदारोळ झाला होता.

आकारालाही मर्यादा आहेत. जुन्या बॉक्समध्ये सेक्टरचा पत्ता २८ बिटांचा असे. २८ बिटांत २६,८४,३५,४५६ पत्ते होतात, गुणिले ५१२ बाइट म्हणजे सुमारे १३७ जीबी. त्यापुढची डिस्क लावली तर नशीब चांगलं असल्यास वरचा भाग वाया जातो. काही प्रणालींत पत्त्याचे वरचे बिट गळून लेखन थेट डिस्कच्या सुरुवातीला जातं आणि कार्यक्रमांची यादीच पुसली जाते. २००२ च्या एटीए-६ मानकाने पत्ता ४८ बिटांचा केला. तुमचा बॉक्स त्याच्या आधीचा की नंतरचा, हे डिस्क घेण्यापूर्वी पाहा.

एसएसडीचं, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कचं काय? हेडच नाही, त्यामुळे पळापळ नाही. पण हे बॉक्स टीव्ही चालू असेपर्यंत चालू वाहिनी सतत लिहीत असतात, तुम्हाला मागे जाता यावं म्हणून. हाय डेफिनिशनला चोवीस तासांत हे १०८ जीबी होतात. ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीची लेखनाची हमी ३०० टीबीच्या आसपास असते, म्हणजे अखंड चालली तरी सात वर्षांहून अधिक. ‘रेकॉर्डरमध्ये एसएसडी वर्षभरात मरते’ ही भीती अवास्तव आहे. पैसे जास्त जातात, हे मात्र खरं.

या धंद्यात अंधश्रद्धाही आहेत. मेलेली डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली की जिवंत होते, ही त्यातली सर्वांत चिवट. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. गारठलेली डिस्क बाहेर काढताच हवेतली वाफ तिच्यावर धरते, आणि मुंबई-कोकणाच्या दमट हवेत तर जास्तच. डिस्कला बाहेरची हवा जाण्यासाठी छिद्र असतं, त्यामुळे आतल्या तबकड्यांवरही पाणी धरू शकतं. त्यावर हेड फिरवणं म्हणजे वाचण्याची उरलीसुरली शक्यता खरवडून टाकणं.

बॉक्स कंपनीच्या मालकीचा असेल तर तो उघडू नका. स्वतःचा असेल तर प्लग काढून बराच वेळ थांबा. आतल्या पॉवर सप्लायमध्ये २३० व्होल्टचं सुमारे ३२५ व्होल्ट डीसी झालेलं असतं आणि मोठा कपॅसिटर ते धरून ठेवतो. डिस्क ज्या रबरी बुशवर बसवलेली असते ते फेकू नका, ते कंप शोषतात आणि हेड ट्रॅकवर राहायला मदत होते. जुनी रेकॉर्डिंग कुलूपबंद असतात. डिस्क सेक्टरमागून सेक्टर अशी हुबेहूब उतरवली तर ती त्याच बॉक्समध्ये, वाहिन्यांचं कुलूप उघडणाऱ्या त्याच कार्डाने चालतात. कॉम्प्युटरला लावून मात्र ती पाहता येणार नाहीत.

नवी डिस्क लावून बॉक्सला ती फॉरमॅट करू द्या. मग झाकण लावण्याआधी तिला सर्वांत अवघड काम द्या: दोन हाय डेफिनिशन वाहिन्यांचं रेकॉर्डिंग एकाच वेळी, आणि तेवढ्यात तिसरं जुनं रेकॉर्डिंग पाहणं, निदान दोन तास. दुसऱ्या दिवशी ती दोन्ही रेकॉर्डिंग शेवटपर्यंत पाहा. कुठे अडली असतील तर डिस्क दुकानदाराला परत करा, हमीची मुदत असेपर्यंतच.