सॅक्स नाहीतर ट्रम्पेट घ्यायला येताय? मग आधी हे वाचा

दुकानात येणारे दोन गोष्टी हमखास विचारतात, डिझी गिलेस्पीसारखा वर वाकलेला ट्रम्पेट मिळेल का आणि प्लास्टिकचा सॅक्स चालेल का. उत्तर द्यायचं तर बीबॉप या जॅझच्या प्रकाराची आणि तो वाजवणाऱ्यांची गोष्ट सांगावी लागते, आणि गिऱ्हाईक उभं असताना ती पुरी होत नाही, म्हणून हा कागद.

1940 च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या हार्लेममधे मिन्टन्स प्लेहाउससारख्या क्लबात रात्री उशिरा काही पोरं जमायची. मोठ्या बॅन्डात लोकांना नाचवून झालं की इथे येऊन स्वतःसाठी वाजवायचं, स्पीड भयंकर, कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) पटापट बदलणारे, कच्चा वाजवणारा स्टेजवर टिकायचाच नाही. त्यातून बीबॉप उभा राहिला, आणि त्यातली दोन मोठी नावं म्हणजे ऑल्टो (टेनरपेक्षा लहान, वरच्या सुराचा) सॅक्सवर चार्ली पार्कर आणि ट्रम्पेटवर डिझी गिलेस्पी.

एकच रेकॉर्ड ऐकणार असाल तर पार्करची नोव्हेंबर 1945 ची ‘को-को’ ऐका. ‘चेरोकी’ या आधीच्या गाजलेल्या गाण्याचे कॉर्ड ठेवले आणि चाल सरळ टाकून दिली. सुरुवातीला मागे पियानो वगैरे काही नाही, सॅक्स, म्यूट (आवाज दाबायचं बूच) लावलेला ट्रम्पेट आणि मॅक्स रोचचे ड्रम एवढंच, आणि मग पार्कर जो सुटतो तो तीन मिनिटांच्या आत सगळं संपवूनच थांबतो. 19 वर्षांचा ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस त्याच सेशनला होता, पण इथे ट्रम्पेट डिझीचाच आहे.

आता प्लास्टिकचं. 15 मे 1953 ला टोरोंटोच्या मॅसी हॉलमधे पार्करने ग्राफ्टन कंपनीचा पांढरा अ‍ॅक्रिलिकचा ऑल्टो वाजवला, स्वतःचा पितळी सॅक्स गहाण होता असं सांगतात. रेकॉर्डिंग ऐकून प्लास्टिक ओळखून दाखवाच! तोच सॅक्स 1994 च्या लिलावात 93,500 पौंडांना गेला. पण रिपेरीवाल्याच्या नजरेने बघाल तर ग्राफ्टनची बॉडी तडकते आणि स्प्रिंगा नेहमीच्या नाहीत, त्यामुळे कोणी जुना ग्राफ्टन गळ्यात मारत असेल तर आधी आम्हाला दाखवा. शिकायला पितळीच घ्या, सेकंडहॅन्ड चालेल, पॅड (भोकं झाकणाऱ्या गाद्या) आम्ही बदलून देऊ.

डिझीचा ट्रम्पेट मुळात डिझाइन नव्हताच. जानेवारी 1953 मधे बायकोसाठी दिलेल्या पार्टीत स्टॅन्डवर ठेवलेल्या ट्रम्पेटवर कोणीतरी पडलं आणि बेल (पुढचं भोंग्यासारखं तोंड) वर वाकली. वाजवून बघितल्यावर स्वतःचा आवाज लवकर कानावर येतोय हे त्याला आवडलं, मग तसाच 45 अंशात मुद्दाम बनवून घेतला. हौस म्हणून ऑर्डर द्या, पण नेहमीच्या केसमधे तो बसत नाही आणि वरचे सूर काही त्याने सोपे होत नाहीत. तुमचा सरळ ट्रम्पेट वाकवून द्या म्हणाल तर ते काम आम्ही घेत नाही. आणि त्याचे ते बेडकासारखे फुगलेले गाल, कृपा करून शिकू नका, ते डिझीलाच जमलं.

ऑल्टो नको, जाड आवाज हवा तर टेनर (मोठा, खालच्या सुराचा सॅक्स) बघा आणि तो वाजवणारा डेक्स्टर गॉर्डन ऐका. ट्रम्पेटवाल्यांनी फॅट्स नवारो (1950 मधे 26 व्या वर्षी गेला) आणि क्लिफर्ड ब्राउन (1956 मधे कार अपघातात, वय 25) सोडू नयेत, आमच्या मते टोन शिकायला डिझीपेक्षा ब्राउन बरा.

नवीन सॅक्सवाल्यांनी रीड (तोंडाशी लावायची पातळ पट्टी) दोन किंवा अडीच नंबरची मागा, एकदम जाड नको.