ऑर्किडवरील बुरशीरोग व विषाणुरोग : फरक ओळखणे (कोल्हापूर परिसर)

ऑर्किडच्या पानावर पडलेला डाग बुरशीचा आहे की विषाणूचा, हे ठरविण्याची रीत. दोन्ही रोगांत पानावर पिवळे, तपकिरी किंवा काळे डाग पडतात, त्यामुळे पहिल्या नजरेत फसगत होते. बुरशी लागलेले झाड वेळीच हात लावला तर वाचते. विषाणू शिरलेल्या झाडावर कोणतेही औषध नाही. ते झाड जन्मभर विषाणू बाळगते आणि कात्रीच्या एका कापात शेजारच्या झाडाला देते. म्हणून आधी निदान आणि मगच फवारणी, हा क्रम येथे मोडू नये.

कोल्हापुरात ऑर्किड दोन ठिकाणी भेटते. राधानगरी, दाजीपूर, आंबा, गगनबावडा या घाटपट्ट्यात ते रानातल्या फांद्यांवर आपसूक वाढते. सीतेची वेणी हे त्यातले सर्वांच्या ओळखीचे. शहरातल्या गॅलऱ्यांत आणि पॉलिहाऊसमध्ये डेंड्रोबियम, फॅलेनॉप्सिस, व्हँडा ही लावलेली ऑर्किडे असतात. जून ते सप्टेंबर पाने रात्र-रात्र ओली राहतात, वारा खेळत नाही आणि बुरशीला मोकळे रान मिळते. त्यामुळे पावसाळ्यातला प्रत्येक डाग ‘करपा’ हा बुरशीरोग समजून फवारणी होते आणि विषाणूचे झाड त्याच रांगेत तसेच राहते.

या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला दोन्ही प्रकारचे रोग उसातून ठाऊक आहेत. उसाची लाल कूज आणि ऑर्किडचा करपा या दोन्हींमागे कोलेटोट्रायकम या एकाच प्रजातीतल्या बुरशी आहेत. उसाचा मोझॅक विषाणूजन्य असतो आणि रोगट बेण्यातून पुढच्या फडात जातो. ऑर्किडचा फुटवा किंवा पिल्लू वेगळे करून लावणे म्हणजे बेणेच लावणे, हे ध्यानात ठेवले की पुढचा बराचसा विचार सोपा होतो.

बुरशीचा डाग एका ठिकाणी सुरू होतो आणि तिथून पसरतो. आधी पाणी झिरपल्यासारखा ठिपका, मग खोलगट तपकिरी डाग, भोवती पिवळी कड, असा त्याचा प्रवास असतो. करप्यात डागाच्या आत एकात एक वलये दिसतात आणि पानाचे टोक खाली वाळत येते. दहापट भिंगातून पाहिले तर वाळलेल्या भागात बारीक काळे ठिपके दिसतात. त्यांत बुरशीचे बीजाणू तयार होतात. फायलोस्टिक्टा बुरशीत हे ठिपके इतके उठून येतात की पानावरून बोट फिरवल्यावर पॉलिशपेपरसारखे खरखरीत लागते.

घरच्या घरी करता येण्याजोगी एक चाचणी आहे. डाग आणि त्यालगतची थोडी हिरवी कड कापून, ओला टिपकागद घातलेल्या झाकणाच्या डब्यात दोन-तीन दिवस ठेवावी. करपा असेल तर काळ्या ठिपक्यांवर शेंदरी-गुलाबी चिकट थेंब उमटतात. ते एकदा डोळ्यांनी पाहिलेला माणूस करपा सहसा चुकत नाही. मात्र डब्यात नुसता पांढरा कापूस वाढला तर तो पुरावा धरू नये. मेलेल्या पानावर कुठलीही बुरशी येते.

बुडाशी पांढरे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियमची कूज. आडवे खोड कापल्यावर आत जांभळट कडे दिसले तर फ्युजेरियमची मर. गाभ्यातून झपाट्याने चढणारी काळी कूज फायटोप्थोराची असते. ही शास्त्रीय अर्थाने खरी बुरशी नव्हे, त्यामुळे तिची औषधेही वेगळी असतात. पान पाणचट होऊन घाण वास आला तर जिवाणूचा संशय घ्यावा.

विषाणूचे चित्र निराळे असते. तो डागापुरता राहत नाही, रसातून झाडभर फिरतो. जगभर लागवडीतल्या ऑर्किडांत सर्वाधिक आढळणारे विषाणू दोन : सिंबिडियम मोझॅक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट. दुसरा तंबाखूच्या मोझॅक विषाणूचा भाऊबंद आहे. पूर्वी त्याला तंबाखू विषाणूचाच ऑर्किडवरचा प्रकार म्हणत. त्याचा चिवटपणाही तसाच आहे. पात्यावर वाळलेल्या रसातही तो टिकून राहतो. या दोन्हींना पसरायला किडीची गरज लागत नाही, माणसाची कात्री पुरते. ऑर्किड फ्लेक हा तिसरा विषाणू मात्र लाल कोळीच्या जातकुळीतल्या चपट्या कोळ्यांमार्फत जातो.

सकाळच्या उन्हाकडे कोवळे पान धरून पाहावे. विषाणू असेल तर शिरांना समांतर फिकट-गडद पट्टे किंवा कडी दिसू शकतात, पण त्यांत ठिपके नसतात आणि हाताला काही लागत नाही. तेच पान जून झाल्यावर पट्टे खोलगट आणि काळे पडतात आणि तिथेच माणूस त्यांना करपा म्हणतो. अशा वेळी खरी साक्ष नव्या पानाची. करप्याचे पान काढून झाड कोरडे ठेवले की पुढचे पान स्वच्छ येते. विषाणूच्या झाडाला आडोशाखाली, एक थेंब पाऊस न लागताही, पुढच्या पानावर तीच नक्षी उमटते. फुलातही फरक दिसतो. बोट्रायटिस बुरशीचे बारीक गोल ठिपके थंड-दमट रात्रींनंतर पाकळ्यांवर पडतात. विषाणूने पाकळीचा रंग तुटक, पट्ट्यापट्ट्यांचा होतो किंवा उमललेल्या फुलावर काही दिवसांनी तपकिरी रेघा येतात.

रोगासारखी दिसणारी पण रोग नसलेली दोन सोंगे इथे हमखास भेटतात. ऑक्टोबरच्या उन्हाने भाजलेला डाग पानाच्या उन्हाकडच्या बाजूलाच असतो आणि वाढत नाही. शिरोळसारख्या क्षारपड भागातल्या बोअरच्या पाण्याने पानांची टोके वाळतात. पावसाचे पाणी द्यायला लागले की नवी पाने सुधारतात.

तरीही डोळ्यांच्या निदानाला मर्यादा आहे आणि ती मान्य करावीच लागते. अनेक डेंड्रोबियम व फॅलेनॉप्सिस झाडे विषाणू बाळगूनही टवटवीत दिसतात, फुलतातही. शिवाय विषाणूने मेलेल्या पेशींत नंतर बुरशी शिरते, म्हणून काळे ठिपके सापडले तरी विषाणू नाही असे म्हणता येत नाही. नक्की उत्तर प्रयोगशाळेतली एलायझा किंवा आरटी-पीसीआर चाचणी देते. पट्टीवरची चाचणीही मिळते. पान वाटून रसात पट्टी बुडवायची आणि कोविडच्या किटप्रमाणे रेघा वाचायच्या. विशेषतः मातृवृक्ष म्हणून ठेवलेल्या आणि पिल्ले वाटण्याच्या झाडांवर हा खर्च करावा. ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरचे) रोप म्हणजे विषाणूमुक्त रोप असे आपोआप होत नाही. फ्रान्सच्या जॉर्जेस मोरेल यांनी 1960 मध्ये अग्रकलिकेपासून, म्हणजे शेंड्याच्या वाढत्या टोकापासून, विषाणूमुक्त सिंबिडियम मिळविण्याची पद्धत मांडली, पण न तपासलेल्या रोगट झाडापासून केलेली हजार रोपे हजार रोगट रोपे होऊ शकतात.

बुरशी ठरली तर रोगट भाग निरोगी कडेसह काढावा, पाणी सकाळी द्यावे, झाडांत अंतर वाढवावे आणि मगच मॅन्कोझेबसारखे बुरशीनाशक फवारावे. डेंड्रोबियमवर ताम्रयुक्त औषधे टाळलेली बरी, त्यांनी इजा होते. विषाणू ठरला तर झाड नष्ट करावे. लाडके झाड टाकताना जीव तुटतो, हे खरे. ठेवायचेच असेल तर ते सगळ्यांपासून दूर, स्वतंत्र कात्रीसह ठेवावे आणि त्याचे पिल्लू कोणालाही देऊ नये.

कात्री स्पिरिटने पुसणे विषाणूसाठी भरवशाचे नाही. पाते ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवावे किंवा प्रत्येक झाडाला नवे ब्लेड घ्यावे. रोगट झाडाच्या कुंडीतला कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे धुऊन पुन्हा वापरू नयेत, आणि त्या कुंडीतून निथळलेले पाणी खालच्या झाडावर पडेल अशी ती टांगू नये.