कारखाना आला म्हणजे तंत्रज्ञान आले का?

‘परदेशी इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांचे कारखाने आले की तंत्रज्ञान आपोआप झिरपते,’ असे विकसनशील देशांत वर्षानुवर्षे सांगितले जाते. हा गैरसमज आहे. निव्वळ जुळणीच्या कारखान्यात चिप, डिस्प्ले, आराखडे, बरीचशी यंत्रेसुद्धा बाहेरून येतात. कामगार वेग आणि शिस्त शिकतात. चिपची रचना नाही.

तैवानचा दाखला हमखास दिला जातो, पण अर्धाच! तिथे सरकारने १९७३ मध्ये आयटीआरआय ही संशोधन संस्था उभारली. १९७६ मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीशी तंत्रज्ञानाचा करार करून अभियंते तिकडे शिकायला पाठवले. जगभरातल्या कंपन्यांसाठी चिप बनवणारी तैवानची टीएसएमसी ही कंपनी स्थापन झाली ती थेट १९८७ मध्ये. जमीन आणि करसवलत देणे त्यामानाने सोपे. परतावा दिसत नसताना दहा-बारा वर्षे संशोधनावर खर्च करत राहणे, इथेच बहुतेक सरकारे कच खातात.